गच्चीवरील वीज आणि सरकारी सवलतीचा हिशेब
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, बेगम बाजार येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या विद्वानांनी साहित्य, इतिहास आणि धर्म यांसारखे भारदस्त विषय हाताळले. माझ्यासारख्या शाळामास्तराला चिटणिसांनी विषय दिला तो मात्र विजेच्या बिलाचा. विषय साधा आहे खरा. परंतु दर महिन्याला प्रत्येक घराचे दार ठोठावणारा आहे, आणि त्यात गैरसमजही पुष्कळ आहेत. घराच्या गच्चीवर सौरऊर्जेची यंत्रणा बसवली असता सरकार कोणती सवलत देते, कराच्या बाबतीत काय मिळते, काय मिळत नाही आणि आपल्या या वस्तीला त्याचा कितपत उपयोग आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम या वस्तीविषयी दोन शब्द. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हिचे नाव बेगम बाजार पडले. तेव्हापासून येथे खाली दुकान आणि वर घर असा संसार चालत आला आहे. जुनी माळवदे गेली, सिमेंटच्या गच्च्या आल्या. त्या गच्च्यांवर आपण पापड, कुरडया आणि मिरच्या वाळवतो. म्हणजे सूर्याकडून फुकट काम करून घेण्याची विद्या आपल्या आयाबहिणींना पूर्वीपासून अवगत आहे. आता त्याच उन्हातून वीज काढता येते, एवढाच फरक.

या विषयात पहिला गैरसमज दिसतो तो असा : 'सोलर बसवले की इन्कमटॅक्समध्ये सूट मिळते.' ही समजूत बहुधा परदेशातून आलेली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले व भाचरे अमेरिकेत आहेत. तेथे घरमालकाने सौरयंत्रणेवर केलेल्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम त्याच्या केंद्रीय आयकरातून वजा होत असे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद केली. जर्मनीने निराळा मार्ग धरला. १ जानेवारी २०२३ पासून घरगुती यंत्रणेवरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. आपल्या देशात मात्र पगारदार माणसाला किंवा पेन्शनरला स्वतःच्या घरावर बसवलेल्या पॅनेलबद्दल आयकरात वजावट मिळत नाही. कोणी विक्रेता तसे सांगत असेल तर त्याला कायद्यातील कलम दाखवावयास सांगावे.

मग आपल्याला काय मिळते? आपल्याला रोख अनुदान मिळते, आणि माझ्या मते ते अधिक न्याय्य आहे. कारण करातील सूट ही ज्याला कर भरावा लागतो त्यालाच मिळते. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, त्या शिंप्याला किंवा त्या विधवा भगिनीला तिचा काडीचाही उपयोग नाही. उलट अनुदान हे कर भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला सारखेच मिळते. त्याकरिता स्वतःच्या मालकीचे घर, त्यावर योग्य छत आणि घरगुती वीजजोडणी असावी लागते, आणि पॅनेलसाठी पूर्वी दुसरे अनुदान घेतलेले नसावे लागते.

या योजनेचे नाव 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना'. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदानाचा तक्ता अगदी सोपा आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये, आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यावर काही नाही. पाच किलोवॅट बसवा की दहा, अनुदान ७८,००० वरच थांबते.

हे आकडे आले कोठून? सरकारने पहिल्या दोन किलोवॅटांचा खर्च प्रत्येकी ५०,००० रुपये धरला आणि त्याच्या ६० टक्के देऊ केले. तिसऱ्याचा खर्च ४५,००० धरून त्याच्या ४० टक्के, म्हणजे १८,००० देऊ केले. यातील धोरण लक्षात घेण्यासारखे आहे. लहान घराला मोठा हात आणि मोठ्या घराला लहान हात, असा हा हिशेब आहे. बाजारातील कोटेशन या मानलेल्या खर्चाहून जास्त येऊ शकते. तेव्हा मी पुढे जे गणित मांडतो त्यात प्रत्येकाने स्वतःच्या कोटेशनचा आकडा घालून पाहावा.

दुसरी सवलत वस्तू व सेवा कराची, म्हणजे जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौरयंत्रणेच्या सामानावरील हा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि बसवण्याची मजुरी असा एकत्र ठेका दिला तर रकमेच्या ७० टक्के भाग सामानाचा आणि ३० टक्के भाग सेवेचा धरतात. सेवेवर १८ टक्के कर असतो. म्हणजे पूर्वी एकंदर १३.८ टक्के कर पडत होता, तो आता ८.९ टक्के पडतो. दीड लाखाच्या कामावर ७,३५० रुपये वाचले. ही सवलत कोणाकडे अर्ज करून मिळावयाची नसून बिलातच दिसावयास हवी. म्हणून कोटेशन हाती आले की कराची ओळ निराळी लिहून मागावी. जुन्या दराने कर लावलेला दिसला तर तेथल्या तेथे विचारावे.

आता गणित करू. वर्गात मी हे फळ्यावर मांडतो. येथे तोंडी सांगतो, पण कोणी कागदावर टिपून घेतल्यास बरे. आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला ४ युनिटे देते, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. त्याला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते.

एक घर घ्या. महिन्याला ३५० युनिटे जळतात. तेलंगणाच्या २०२५-२६ च्या घरगुती दरपत्रकाप्रमाणे २०० च्या पुढे गेलेल्या ग्राहकाला पहिली २०० युनिटे ५.१० रुपयांनी, पुढची १०० युनिटे ७.७० रुपयांनी आणि त्यापुढची ९ रुपयांनी पडतात. म्हणजे १,०२० अधिक ७७० अधिक ४५०, एकूण २,२४० रुपये. स्थिर आकार वगैरे निराळे. या घराने दोन किलोवॅट बसवले. २४० युनिटे गच्चीवरून आली, ११० उरली. आता हा ग्राहक २०० च्या आत आला, त्यामुळे दरही उतरला. पहिली १०० युनिटे ३.४० ने आणि वरची १० युनिटे ४.८० ने, मिळून ३८८ रुपये. महिन्याला १,८५२ रुपये वाचले. सरकारने मानलेल्या खर्चाप्रमाणे एक लाखातून ६०,००० अनुदान गेले, पदरचे ४०,००० लागले. ते बावीस महिन्यांत फिटले.

याच घराने तिसरा किलोवॅट बसवला तर? पदरचे आणखी २७,००० घालावे लागतील आणि महिन्याला वाचतील ते फार तर ३८८ रुपये. फेड व्हावयास सहा वर्षांच्या जवळपास लागतील. पॅनेलची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, तेव्हा हाही तोट्याचा सौदा नाही. पण ज्याच्या हाती पैसा बेताचा आहे त्याने दोनवर थांबण्यात शहाणपण आहे. विक्रेता नेहमी मोठ्या यंत्रणेची भलावण करील. तो त्याचा धंदा आहे. आपण आपले बिल पाहावे.

आता लहान घर घ्या. दीडशे युनिटे जळतात, बिल ५८० रुपये येते. एक किलोवॅटने १२० युनिटे दिली, उरलेल्या ३० युनिटांचे १.९५ ने साठ रुपयेही होत नाहीत. महिन्याला सुमारे ५२० वाचले. पदरचे २०,००० सव्वातीन वर्षांत फिटले.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तेलंगण सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'गृहज्योती' योजना सुरू केली. तीत पात्र कुटुंबांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज मोफत मिळते. ज्याचे बिल आजच शून्य आहे, त्याने कर्ज काढून सोलर बसवण्यात अर्थ नाही. एखाद्या गरीब घराला 'सबसिडी आहे, घेऊन टाका' असा सल्ला देणारा त्या घराचा हितचिंतक नव्हे. सवलत मोठी आहे म्हणून वस्तू घ्यावयाची नसते. गरज असेल तर सवलतीचा लाभ घ्यावयाचा असतो.

आता रीत सांगतो. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा लागतो. वीजबिलावरील ग्राहक क्रमांक आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे. विक्रेता नोंदणीकृत असावा आणि पॅनेल देशात तयार झालेले असावे. परदेशी पॅनेल घेतले तर यंत्रणा चालेल, पण अनुदान बुडेल. २०२४ च्या नियमांप्रमाणे दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही. काम पुरे झाल्यावर वीज कंपनीचा माणूस तपासणी करतो आणि दुहेरी मोजणारे नेट मीटर बसते. दिवसा उरलेली वीज तारेत जाते, रात्री लागेल ती तारेतून येते, आणि बिल दोहोंच्या फरकाचे येते. विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करावी असा करार असतो. तो करार वाचून घ्यावा व जपून ठेवावा.

अनुदान मात्र या सर्वानंतर, थेट आपल्या खात्यात येते. म्हणजे आधी सर्व पैसा आपण उभा करावयाचा. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी बँकांकडून तारणाशिवाय कर्ज मिळते आणि योजनेत त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराहून अर्धा टक्का जास्त असा ठरला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे हे कर्ज पावणेसहा टक्क्यांचे झाले.

आणखी एक इशारा. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा तारेतील वीज गेली की आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ही व्यवस्था आवश्यक आहे. 'सोलर आहे, आता लाइट जाणार नाही' ही समजूत चुकीची आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास अंधारामुळे अडू नये हा हेतू असेल तर बॅटरीचा खर्च निराळा धरावा लागेल.

आता व्यापारी बंधूंकडे वळतो, कारण हा बाजार त्यांचा आहे. वरील अनुदान घराच्या मीटरला आहे, दुकानाच्या मीटरला नाही. ज्यांचे खाली दुकान व वर घर आहे त्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा. दुकानासाठी अनुदान नसले तरी आयकरात घसारा मिळतो. सौरयंत्रणेवरील घसाऱ्याचा दर २०१७ पूर्वी ८० टक्के होता, पुढे तो ४० टक्के झाला. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी निम्माच मिळतो. शिवाय जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेता येते. पण ध्यानात ठेवावे की, घसारा म्हणजे बक्षीस नव्हे. पुढे मिळावयाची वजावट आधी मिळते एवढेच. आणि जे लहान दुकानदार अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरतात, त्यांना घसारा निराळा मिळतच नाही. तो त्या टक्क्यांत धरलेला असतो. त्यांना फायदा तो केवळ वीजबिलातला. तो मात्र कमी नाही, कारण दुकानाचा वीजदर घरापेक्षा चढा असतो.

बंधुभगिनींनो, आता मी आपल्या खऱ्या अडचणीकडे येतो. या सर्व सवलती ज्याला स्वतःची गच्ची आहे त्याच्यासाठी आहेत. बेगम बाजारात किती जणांची गच्ची निर्वेध आहे? आजोबांच्या नावचे घर, चार भावांचे चार वाटे आणि मीटर थोरल्या काकांच्या नावावर, ही येथली नेहमीची स्थिती. एका भावाने पॅनेल लावायचे म्हटले की दुसरा म्हणतो, गच्ची सर्वांची आहे. शेजारी पाच मजले उभे राहिले की ऊन दुपारी दोनलाच मावळते. आणि जो भाडेकरू आहे त्याच्या नावाने तर या योजनेत काहीच नाही. नोकरीसाठी नांदेड, लातूर, उदगीरकडून या शहरात आलेली आपली कितीतरी कुटुंबे अद्याप भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. सवलतीचा पैसा सर्वांच्या करातून येतो आणि जातो मात्र गच्चीवाल्याच्या खात्यात, हे सत्य नाकारता येणार नाही.

यावर उपाय माणसांनी एकत्र येण्यात आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव २०२४ साली महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे गावाने मिळून काम केले. आपणही भावाभावांत संमतिपत्र लिहून गच्चीचे भाग ठरवून घेऊ शकतो. जेथे फ्लॅटधारकांची संस्था आहे तेथे जिन्यातील दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप अशा सामाईक वापरासाठी संस्थेला किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यात भाडेकरूचाही थोडा लाभ होतो.

आणि येथेच आपल्या न्यासाचे काम सुरू होते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी विश्वस्तांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली : महिन्यातून एक रविवार सकाळी न्यासाच्या कार्यालयात कोणी जाणकाराने बसावे आणि लोकांनी आणलेली वीजबिले व कोटेशने वाचून द्यावीत. कोणाला सोलर परवडेल आणि कोणाला परवडणार नाही, हे निःपक्षपातीपणे सांगणारा माणूस आज बाजारात मिळत नाही. मी माझे रविवार देण्यास तयार आहे.

दुसरी : अनुदान खात्यात येईपर्यंतच्या काळासाठी न्यासाने लहानसा फिरता निधी काढावा. घटनेत बसत असेल तर तो बिनव्याजी असावा. अनुदान आले की रक्कम परत आणि दुसऱ्या घराला उपलब्ध. व्याजाचे कर्ज नको म्हणून मागे राहणारी घरे माझ्या समाजात आहेत, आणि बँकेच्या कागदपत्रांना भिऊन मागे राहणारी घरे सर्वच समाजांत आहेत.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यासाच्या वसतिगृहाच्या गच्चीवर यंत्रणा बसवावी. घरासाठीचे अनुदान संस्थेला मिळणार नाही, हे आधीच सांगतो. परंतु धर्मादाय न्यासाला आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो आणि वसतिगृहासाठी केलेला हा खर्च त्यात धरला जातो. त्याच खर्चावर पुन्हा घसारा मात्र मागता येत नाही. आणि आता देणगीदारांकडे पाहून बोलतो. मी आरंभी म्हणालो की पगारदाराला पॅनेलबद्दल आयकरात सूट नाही. त्याला एकच वाट आहे. ज्या न्यासाला आयकर खात्याची मान्यता आहे, त्याला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. हीच ती आपण वर्षानुवर्षे '८०-जी' म्हणून ओळखत आलेली सवलत. त्यासाठी जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरावे लागते, दोन हजारांवरची देणगी रोखीने देऊन चालत नाही, आणि न्यासाचे प्रमाणपत्र लागते. २० टक्के दराने कर भरणाऱ्याने दहा हजार दिले तर पाच हजारांची वजावट मिळून हजार रुपये कर वाचतो. म्हणजे आपल्या कायद्यात अशी गंमत आहे की, पगारदार माणसाने पॅनेल स्वतःच्या गच्चीवर बसवले तर करात काही मिळत नाही. ते परक्यांच्या मुलांच्या गच्चीवर बसवण्यासाठी न्यासाला पैसे दिले तर मिळते.

त्या वसतिगृहात राहणारी मुले भाड्याच्या घरांतून आणि बिनगच्चीच्या खेड्यांतून आलेली आहेत. ज्यांच्या वाट्याला ही योजना पोहोचत नाही, त्यांच्या वाट्याला ती न्यासाच्या हातून पोहोचेल. विजेच्या बिलात वाचलेला पैसा पुस्तकांकडे, दुधाकडे आणि एखाद्या गरजू मुलाच्या फीकडे वळवता येईल. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पै-पै गोळा करून हा न्यास उभा केला, त्यांनी ती रक्कम अमानत म्हणून सांभाळली. आपल्या हाती आलेली गच्ची आणि तिच्यावर पडणारे ऊन हीही अमानतच आहे, असे मी समजतो.

हिशेब पुष्कळ झाला. विश्वस्तांनी या सूचनांचा येत्या बैठकीत विचार करावा आणि श्रोत्यांनी घरी गेल्यावर गेल्या बारा महिन्यांची बिले काढून एकदा बेरीज करावी, एवढी विनंती आहे.